कॅम्पातली गोळी

निपाणीच्या राजमतीचं गलगंडाचं ऑपरेशन मिरजेला झालं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की थायरॉइडची गोळी आता जन्मभर, रोज सकाळी उपाशीपोटी. राजमती मनातून खूश झाली. जन्मभराच्या गोळीवर खूश होणारी बाई दुसरी सापडायची नाही. पण ती नामांकित कंपनीची गोळी अठ्ठ्याहत्तर साली मिळायची फक्त बेळगावच्या कॅम्पात, आणि तिची एकुलती लेक ब्राह्मी कॅम्पातच दिलेली.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, अशी रीत. चार वर्षांत पाळणा हलला नव्हता. मग विनाकारण जायचं कुठल्या तोंडानं? गोळीनं कारण दिलं. दर महिन्याला ती दुकानातून बाटली घ्यायची आणि "गोळ्या न्यायला आलतो, म्हटलं बघून जावं" असं विहीणबाईंना ऐकवून अर्धा तास लेकीकडं बघत बसायची. तेवढ्यावर तिचा महिना निघायचा.

ऐंशी साली निपाणीतच साधी गोळी आली. नाव वेगळं, औषध तेच, वर स्वस्त. नवरा पायगोंडा हौसेनं घेऊन आला. "तुझी दगदग वाचली बघ."

ही गोळी अंगाला लागत नाही, असं राजमतीनं आठ दिवसांतच जाहीर केलं. निपाणीचे डॉक्टर हसले. "औषध एकच आहे, आक्का. दोन महिने घेऊन तर बघा."

मग बाई हट्टालाच पेटली. रोज सकाळी गोळी चुलीत. दोन महिन्यांत तोंड सुजलं, आवाज घोगरा झाला, बसल्या जागी डोळा लागू लागला. डॉक्टर घाबरले आणि त्यांनी पुन्हा कॅम्पातली गोळी लिहून दिली. वेडेपणाच तो. पण दोन महिने लेक दिसली नव्हती, आणि ती ओढ शहाणपण कुठं शिल्लक ठेवते?

दारात आईला बघून ब्राह्मीचे डोळे भरले. "किती सुजलीस गं. अशात गाडीतनं आलीस?" ती आत जाऊन मामींशी, म्हणजे सासूशी बोलली आणि सासूला घेऊनच बाहेर आली.

"मामींनी व्हय म्हटलंय. आता तू येऊ नगंस, आई. दर महिन्याला गोळ्या मी पोस्टानं धाडतो."

गोळ्यांसाठी कोण येतंय गं, हे राजमतीच्या ओठांवर आलं होतं. पण विहीणबाई समोरच बसल्या होत्या. "बरं," ती म्हणाली, आणि पार्सलावर घालायचा पत्ता सांगू लागली. लेकीच्या माहेरचाच पत्ता तो. तरी एकेक शब्द सावकाश सांगत राहिली, तेवढंच आणखी घटकाभर बसता यावं म्हणून.