दिघोरीहून आलेला नकार

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा मी तेल शोधणाऱ्या एका कचेरीत होतो. जमिनीत सुरुंग उडवायचा, खालच्या थरांवर आपटून वर आलेला आवाज टिपायचा आणि पोटात काय दडलंय ते सांगायचं. भानगड अशी, की तोच आवाज वरखाली आपटत पुन्हा पुन्हा येतो आणि नसलेले थर कागदावर उमटतात. हे तोतये खोडून काढणं माझं काम. खूण सोपी: ते सारख्या अंतराने येतात, दर खेपेला क्षीण होतात आणि उलटे होतात. या कामात मी स्वतःला भारी शहाणा समजत असे.

त्या दिवाळीला लांब रजा काढून अड्याळला घरी आलो आणि दिघोरीची एक मुलगी पाहून आलो. पाहिली आणि पार विरघळलो. पण बाजाराच्या दिवशी पानठेल्यावर मित्रांनी छेडलं, तेव्हा ऐटीत म्हणालो, "एवढ्यात कोन लग्न करते बे!"

पुढच्या बाजाराहून आई पिशवी घेऊन परतली ती तोंड पाडूनच. "पोरगी नाही म्हनते म्हने." मी दोन दिवस धड जेवलो नाही. आवडता पोपटीच्या शेंगांचा रस्साही नको म्हणालो, यावरून काय ते समजा.

त्याच्या पुढच्या बाजाराहून आई आली ती चिडून. "कोनीतरी उडत उडत सांगत होतं, पोरगाच नाही म्हनते म्हने. काहून नाही म्हनून राहिला रे तू?"

बरोबर आठ दिवसांचं अंतर. दर खेपेला क्षीण. दर खेपेला उलटं. मी कपाळावर हात मारला. सुरुंग पानठेल्यावर मीच उडवला होता.

मिळेल त्या एसटीने दिघोरी गाठली. मुलीचे वडील ओसरीवर धानाची पोती शिवत होते. "तुमीच तं नाही म्हटलं ना जी," ते म्हणाले. मी घामाघूम होऊन सगळं सांगितलं.

तेवढ्यात दाराआडून ती म्हणाली, "मले तं अजून कोनी विचारलंच नाही."

खरंच की. इतके पडसाद तपासले, पण तिचा आवाज त्यात कुठेच नव्हता. मग तिथेच, तिच्या वडिलांसमोर, मी विचारलं. "हो," ती म्हणाली. मी लगेच परतीची एसटी धरली, कारण पुढच्या बाजारात या 'हो'चं 'नाही' होण्याआधी ते मलाच अड्याळला पोचवायचं होतं.