सावडीचा सोमवार

कुंडलिकला सुरेंद्रचे बुडालेले पैसेसुद्धा खुपायचे. ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे. मुरबाडच्या एमआयडीसीत बाटल्यांची झाकणं बनवणारी एक कंपनी होती. दोघंही तिथे मशीनवर. मार्चमध्ये ती बंद पडली आणि अडीच महिन्यांचा पगार आणि ग्रॅच्युइटी मालकाकडे अडकली. पगार दोघांचा सारखाच, पण सुरेंद्र अकरा महिने आधी लागलेला, म्हणून ग्रॅच्युइटीत त्याचा आकडा काही हजारांनी जास्त. गेटवर चिकटवलेली यादी कुंडलिकने तीनदा वाचली. मालक कुणाच्याच हातावर काही ठेवणार नाही हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं. तरी घरी येऊन चप्पल काढता काढता तो बायकोला, संजीवनीला म्हणाला, "सुऱ्याचे बघ, आपल्यापेक्षा जास्त."

"बुडाले ना?"

"बुडाले. पण जास्त."

संजीवनीने हातातली भाकरी तव्यावर टाकली. अठरा वर्षांच्या संसारात तिला या दुखण्याची सवय झाली होती.

धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव. दोघांची घरं शेजारी शेजारी, मध्ये फक्त एक कूड. जन्म एकाच वर्षीचा, शाळा एक, बाक एक. सातवीत सुरेंद्रला कुंडलिकपेक्षा चार मार्क जास्त पडले, ते कुंडलिक बेचाळिसाव्या वर्षीही विसरला नव्हता. कुडाच्या अलीकडचा फणस कापा, पलीकडचा बरका. पण गावाला बरका गोड लागायचा. सुरेंद्रने घरावर पत्रे घातले की कुंडलिकला आपली कौलं गळायला लागल्यासारखी वाटायची. पावसाळा नसला तरी.

माणूस वाईट होता असं मात्र कुणी म्हणू नये. सुरेंद्रच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा कल्याणला चार दिवस तिच्या उशाशी बसला तो कुंडलिकच. सुरेंद्रवर काही वेळ आली की हा धावलाच म्हणून समजा. फक्त त्याचं काही चांगलं झालं की याच्या पोटात दुखायला लागायचं, आणि मग दोन दिवस हा घराबाहेर तोंड दाखवायचा नाही.

नोकरी गेल्यावरचे पहिले तीन महिने म्हणूनच दोघांचे फार गोडीत गेले. दर मंगळवारी एकाच मोटारसायकलवर बसून ते मालकाच्या ऑफिसात जायचे, वॉचमन त्यांना "साहेब बाहेरगावी" म्हणून सांगायचा, मग दोघं मिळून मालकाला शिव्या घालत परत यायचे. कल्याणपर्यंत कामं शोधली. चाळिशीच्या वरची माणसं कुणाला नको होती. संध्याकाळी कुडाशी उभं राहून दोघं एकच विडी ओढायचे. संजीवनी नंतर एकदा म्हणाली होती, की तिचा नवरा इतका सुखात तिने कधी पाहिला नव्हता.

ते सुख जूनमध्ये संपलं. शहापूरजवळ हायवेला एका मोठ्या गोदामात माल मोजून घ्यायला माणसं हवीत, असं कळलं. पेट्रोलचे पैसे अर्धे अर्धे करून दोघं गेले. कुंडलिक इस्त्रीचा शर्ट घालून, सुरेंद्र रोजच्याच. आत बोलावलं तेव्हा कुंडलिकने सगळी उत्तरं बरोबर दिली, पण प्रत्येक उत्तराआधी घसा खाकरला. सुरेंद्र बाहेर आला तो आतल्या साहेबाला हसवूनच. तासाभराने भिंतीवर कागद लागला. पाच नावं, पाचवं सुरेंद्रचं. त्याखाली एक रेघ, रेघेखाली 'वेटिंग', आणि तिथे पहिलं नाव कुंडलिकचं.

"येत्या सोमवारी नऊ वाजता मेडिकल आणि कार्ड," साहेबाने सगळ्यांसमोर सांगितलं. "जो येणार नाही त्याच्या जागी खालचा. फोन करून विनवण्या नकोत."

परतताना किन्हवलीला सुरेंद्रने चहा पाजला. पैसे त्यानेच दिले. "तुझं बी होईल रे कुंडल्या," तो म्हणाला. मनापासून म्हणाला, आणि तेच कुंडलिकला सोसवेना. शिवी दिली असती तरी चाललं असतं. चहा त्याने अर्धा ठेवला.

आता सावडीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं. त्या गावात भाताची लावणी मजुरीने करत नाहीत. सहा घरं एकत्र येतात, घरटी दोन माणसं; कुंडलिककडून तो आणि संजीवनी, सुरेंद्रकडून तो आणि त्याची बायको कविता. आज बाराजणं तुमच्या खाचरात, उद्या तीच बाराजणं माझ्या. माणसाला माणूस आणि दिवसाला दिवस. पैसे देऊन दिवस फिटत नाही, मजूर पाठवून भागत नाही, घरचंच माणूस लागतं. कुणाचं खाचर कधी हे बाईजा काकी ठरवते. सत्तरी गाठलेली म्हातारी, कागदाला हात न लावता सहा घरांचे दिवस तोंडपाठ ठेवते. आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा. कुणाला अडचण आली तर दिवस माफ होतो, पण ज्याचा दिवस त्यानेच तो सोडायचा. चारचौघांत, तोंडाने बोलून. बाईजाला तो अधिकार नाही, गावालाही नाही.

यंदा रजा न मागता दोघांना सावडीला उभं राहता आलं, हीच काय ती कंपनी बंद पडल्याची कमाई. बाईजाने क्रम लावला होता. गेल्या आठवड्यात सुरेंद्रचं खालचं खाचर लावून झालं. त्या दिवशी कुंडलिक त्याच्यासाठी दिवसभर चिखलात वाकला होता. सोमवारी कुंडलिकचं खाचर. मंगळवारी सुरेंद्रचं वरचं.

शनिवारी संध्याकाळी सुरेंद्र कुडाशी आला. बाईजा कुंडलिकच्या ओटीवर बसली होती, संजीवनी आवणाच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी बांधायला बंध भिजवत होती.

"कुंडल्या, सोमवारचा माझा दिवस सोड," सुरेंद्र म्हणाला. "मंग सांगशील तवा येईन. दोन दिवस येईन. कविता हायेच तुझ्या खाचरात. आईचे गुडघे असे, नायतर तिला बी उभी केली असती."

कुंडलिकने वर पाहिलंच नाही. "उद्या चिखलणी हाये. माझं खाचर उताराचं, पानी ठरत नाय. सोमवारी लागलं नाय तर गेलं."

"एक मानूस कमी म्हनून लागनार नाय?"

"बारा ते बारा. मी नव्हतो आलो तुझ्याकडं?"

"आलास की. मी नाय कुटं म्हनतो?"

खाचर उताराचं होतं हे खरं. पाणी ठरत नव्हतं हेही खरं. पण अकरा माणसांत ते चार वाजेपर्यंत लागलं असतं, हे तिथल्या चौघांनाही माहीत होतं. वेटिंगचं आपल्या डोक्यातही नव्हतं, असं कुंडलिक पुढे शपथेवर सांगायचा. असेलही. मात्र त्या क्षणी त्याला काय वाटत होतं ते मला ठाऊक आहे. आयुष्यात पहिल्यांदा सुरेंद्रची एखादी गोष्ट त्याच्या मुठीत आली होती, आणि मूठ उघडायला त्याचा जीव होत नव्हता.

"सोड की रे बाबा," बाईजा म्हणाली. "पोरगं नोकरीला चाललंय."

"काकी, तुमी मधी पडू नका. दिवस माझा हाये."

आता बाईजा तरी काय करणार! नियम तिनेच सांभाळलेला. सुरेंद्रने कुडावरचा हात काढला. "बरं," एवढंच म्हणून गेला.

"येनार नाय तो," रात्री जेवताना कुंडलिक म्हणाला. "बघशील. शहापूरला जाईल आनि गावात तोंड वर करून हिंडेल."

"तुला तो यायला हवाय का जायला हवाय?" संजीवनीने विचारलं. "काय ते एकदा ठरव."

त्याने भात पुढे सारला.

सोमवारी कुंडलिक खाचरावर पोचला तेव्हा सुरेंद्र आधीच आवण उपटायला बसला होता. डोक्यावर मेणकापड, बाजूला मुठींचा ढीग. नऊ वाजले, साडेनऊ झाले. कुंडलिकचं लक्ष सारखं त्याच्याकडे. चेहऱ्यावर राग दिसेल, निदान हात तरी जड चालतील. कसलं काय! नेहमीसारखाच भराभर लावत, मागे सरकत, आपली पात, म्हणजे वाट्याला आलेला पट्टा, सरळ ठेवत होता. सगळ्यांत सरळ पात त्याचीच. कुंडलिकची डावीकडे झुकली होती, आणि हेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

अकराच्या सुमाराला बांधावरच्या ऐनाच्या झाडाला पिशवीत अडकवलेला कुंडलिकचा फोन वाजला. संजीवनी जवळ होती. हात चिखलाने भरलेले, म्हणून तिने कोपराने बटण दाबलं आणि स्पीकर लागला.

"कुंडलिक बोलतायत का? गोदामातून बोलतोय. आज एक जण आलेला नाही. तुमचं नाव घेतलंय. उद्या नऊ वाजता या."

आवाज खणखणीत होता. बाराही जणांनी ऐकला. हात थांबले, नुसतं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात पडत होतं. मग त्या बारांतल्या एकाचे हात पुन्हा चालायला लागले. सुरेंद्रने पुढची मूठ सोडली आणि लावायला घेतली.

"हो. येतो," कुंडलिक लांबूनच म्हणाला. त्याचा आवाज फोनपर्यंत गेला की नाही कोण जाणे. संजीवनीने ते पुन्हा सांगितलं नाही. तिने कोपरानेच फोन बंद केला.

जेवणाला तांदळाच्या भाकऱ्या, सुकट आणि वालाचं बिरडं होतं. एरवी सावडीच्या जेवणात इतकी थट्टा चालते की घास खाली पडतो. त्या दिवशी सगळे नुसते जेवले. कुंडलिकला नोकरी लागली होती, चार महिन्यांत ज्यासाठी त्याने देव पाण्यात ठेवले होते ती. आणि कुणी तोंड गोड करा म्हणालं नाही. त्याला राग आला. सुरेंद्रला लागली तेव्हा सगळी आळी त्याच्या ओटीवर जमली होती.

पण खरी अडचण पुढेच होती. मंगळवारी सुरेंद्रचं वरचं खाचर. तिथे कुंडलिकचा दिवस लागू. तो दिवस सोडायचा अधिकार एकाच माणसाला, आणि त्याच्यापुढे कुंडलिकची जीभ उचलेना. संध्याकाळी ओहोळावर सगळे पाय धुवत होते. त्याने एकच पाय तीनदा धुतला. बाईजा दगडावर बसून त्याच्याकडे बघत होती, आणि ती मदत करणार नाही हे तिच्या बसण्यावरून दिसत होतं.

"काकी," सुरेंद्र मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "उद्याचा कुंडल्याचा दिवस मी सोडला." मग कुंडलिककडे वळून, "जा तू. नऊचं बोल्ला नं तो? सातची जीप धर."

त्यात टोमणा नव्हता. कुंडलिकने शोधून पाहिला, सापडला नाही. आभार मानावेत, पाय धरावेत, निदान रडावं, असं काहीतरी त्याला व्हायला हवं होतं. झालं भलतंच. इथेही हा चार मार्कांनी वर निघाला, असं त्याला वाटलं.

घरी आल्यावर त्याने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. "बघितलंस?" तो म्हणाला. "सगळ्यांसमोर मोठा झाला."

"तुझा दिवस सुटला," संजीवनी म्हणाली. "माझा नाय सुटला. मला लवकर उठायचंय." आणि दिवा मालवून कूस वळवून झोपली.

सकाळी तो उठला तेव्हा ती गेलेली होती. चुलीवर चहा झाकून ठेवला होता, डबा मात्र नव्हता. सातच्या जीपमध्ये त्याला पुढची सीट मिळाली. नखांत अजून चिखल होता. सरळगावपर्यंत जीप, तिथून गोदामाची गाडी, मग शहापूर. सगळं कसं जागच्या जागी होतं.

रस्ता सुरेंद्रच्या वरच्या खाचराला लागूनच जातो. पुढे गुरं आडवी आली म्हणून ड्रायव्हरने जीप हळू केली. बघायचं नाही असं ठरवूनही कुंडलिकने बघितलं. लावणी नुकती सुरू झाली होती. अकरा वाकलेल्या पाठी. सुरेंद्र काहीतरी म्हणाला आणि बाईजा हसली, मग कविता हसली. नोकरी गेलेला माणूस तो, आणि हसतही तोच होता. कुंडलिकच्या पोटात ते जुनं दुखणं उठलं. नोकरी खिशात घेऊन तो जीपमध्ये बसला होता, आणि तरीही उठलं.

मग त्याने सवयीने पाती मोजल्या. आपली एक रिकामी दिसेल, उघडी, पाणी चमकत असलेली, असं त्याच्या मनात होतं. पाती बारा निघाल्या. एकही रिकामी नव्हती. दहा जणं मागच्या बांधाकडे बरीच सरकली होती. एक बाई एकटीच रेंगाळली होती, कारण ती दोन पाती लावत होती. स्वतःच्या पातीत चार काड्या, मग चिखलातून पाय उपसून शेजारच्या पातीत चार, मग पुन्हा इकडे. निळं मेणकापड संजीवनीचं होतं.

ड्रायव्हर गावातलाच. त्यानेही बघितलं. "दादा, थांबवू का जरा?"

संजीवनीने मान वर केली नव्हती. जीपचा आवाज तिला नक्कीच आला असणार.

"नाय," कुंडलिक म्हणाला. "चल. टाइम होईल."

गुरं बाजूला झाली होती. ड्रायव्हरने गिअर टाकला.