रोईच्या शेजारचं नाव

सुन्वाच्या नवऱ्याने मरण्याआधी आपल्या फेरो बेटांवरच्या बुडालेल्या माणसांची वेबसाइट केली होती. जुन्या चौकोनी स्क्रीनच्या मापाने, एका ओळीत एकच नाव. नव्या रुंद स्क्रीनवर नावं शेजारीशेजारी पसरली आणि तिच्या मुलाचं, रोईचं नाव नेमकं हानुसला जाऊन चिकटलं. रोईला घेऊन भर वादळात होडी बाहेर काढणारा तोच हानुस!

"दुसरा ब्राउझर टाक," ती शेजारच्या एयदुनवर डाफरली.

"काकू, हा तिसरा! दहा बदला, तसंच दिसणार. स्क्रीनवरची ही खिडकीच अरुंद करा की."

तिने केली. एकोणीस वर्षांचा रोई ओळीत एकटा उरला, बाजूला कोणी नाही. पाण्यातही असाच असेल.

सुन्वाने खिडकी पुन्हा रुंद केली.

"राहू दे," ती म्हणाली. "सोबत तरी आहे."