हळदीच्या रुमालावरचा मोर

आमच्या घरात दोन गोष्टींवर कुणी वाद घालत नसे. एक, काकांचा शब्द. दुसरी, काकांच्या लूमवरचं कापड. मी एकाच महिन्यात दोन्हींशी भांडले.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. भिवंडीत हायवेकडच्या शेतांवर भराभर गोडाऊन उभी राहत होती आणि काकांना आमच्या घरापुढचा गाळासुद्धा एका ट्रान्सपोर्टवाल्याला द्यायचा होता. त्या गाळ्यात मी कपड्यांवर छपाई करायचे. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे दोन वर्षं राबून शिकले होते. लाकडी चौकटीला ताणलेली जाळी, तिच्यावर शाई, रबराची पट्टी एकदा ओढली की खाली टी-शर्टवर हवं ते चित्र. गणपती मंडळं, कबड्डीचे संघ, सगळे यायला लागले होते. काका म्हणत, "पोरीच्या जातीनं रंगात हात कशाला घालायचं?" लूमचं तेल हाताला लागलं तर चालायचं, रंग लागला की मात्र मी पोर असल्याचं आठवायचं यांना!

मग काकांच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. काका म्हणाले, "हळदीचं शंभर रुमाल छाप. जमलं तर गाळा तुझा. न्हाय जमलं तर ट्रान्सपोर्टवाला हायच."

"बघाच," मी म्हटलं.

कापड अर्थात घरचं, काकांच्या लूमवरून उतरलेलं कोरं. बोटाला टोचेल इतकं कडक. त्यावर निळा मोर असा काही उठला की मी स्वतःवरच खूश झाले.

हळदीला मांडवात ज्याच्या त्याच्या खांद्यावर माझा मोर. बायकांनी नवरीला हळद फासली, वरून घागरी ओतल्या आणि आत्याने खांद्यावरच्या रुमालाने तिचं तोंड पुसलं. झालं! निळा रंग हळदीत उतरला आणि नवरी हिरवी झाली. कपाळापासून हनुवटीपर्यंत हिरवी. "अगं बाई, हळद लावली का शेवाळ?" कुणीतरी ओरडलं आणि मांडव खदाखदा हसला. जरा वेळाने हसणारेही हिरवे झाले, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

काका सगळ्यांदेखत म्हणाले, "लग्न झालं की गाळा खाली कर."

"चूक केलीय काका, चोरी नाही केली." मी आवाज खाली आणला नाही. "लग्नानंतर जोडप्याला घेऊन वज्रेश्वरीला जायचंय ना? तिथं दुसरा रुमाल दाखवते. तोवर गाळ्याला कुणी हात लावायचा नाही."

"राहू दे ना बाबा," हिरव्या तोंडाने नवरी म्हणाली. तेवढ्यावर निभावलं.

लग्न उरकलं. मी एक न छापलेला रुमाल भिजत घातला, तर पाणी भाताच्या पेजेसारखं झालं. खळ! लूमवर तुटू नये म्हणून सुताला पाजतात ती खळ. माझी शाई कापडावर बसलीच नव्हती, खळीवर बसली होती. पाणी पडलं, खळ सुटली, मोर उडाला. दुसऱ्या कुठल्याही गावात कुणी आधी कापड धुऊन घेतलं असतं. पण आमचं भिवंडीचं डोकं! आम्ही कापड विणतो, घड्या घालतो, ट्रकमध्ये भरतो. धुवायला ते परगावी जातं. इतकी वर्षं लूम चालवून आमच्या घरात कोरं कापड कुणी एकदाही धुतलं नव्हतं, आणि मी तरी कुठं वेगळी होते? माझ्याकडे छापायला येणारे टी-शर्ट तयार, धुतलेलेच असायचे.

लग्नाच्या जेवणाचं मोठं पातेलं परसात पडलं होतं. त्यात धुण्याचा सोडा घालून कापड उकळलं, चोळून धुतलं, वाळवलं, मोर छापला, वाळल्यावर उलट्या बाजूने कडक इस्त्री फिरवली. आई म्हणाली, "एवढा हट्ट बरा नव्हे." म्हटलं, "बराच आहे."

वज्रेश्वरीला देवीचं दर्शन झालं आणि मी सगळ्यांना गरम पाण्याच्या कुंडावर नेलं. दुकानातून घेतलेली हळदीची पुडी रुमालावर रिकामी केली, चांगली चोळली आणि रुमाल काकांच्या हातात दिला. "धुवा."

काकांनी तो वाफाळत्या पाण्यात बुचकळला, पायरीवर घासला, पिळला, पुन्हा घासला. पोटातला सगळा राग काढला त्यांनी त्या मोरावर. कापड पिवळं झालं. मोर निळाच राहिला.

त्यांनी रुमाल झटकून उन्हात धरला, उलटसुलट पाहिला. वाटलं, आता तरी शाबासकी. कसलं काय! म्हणाले, "मंग? आपल्या लूमचं कापडच तसं हाय."

अशी चीड आली! "कापड हळदीलाही हेच होतं काका. तेव्हा ते कुणी धुतलं नव्हतं, आता मी धुतलंय. आणि गाळा मी सोडत नाही."

नवरी फिसकन हसली. काकांनी ओला रुमाल खांद्यावर टाकला आणि जीपकडे चालू लागले. चार पावलं गेल्यावर, मागे न बघता म्हणाले, "अजून नव्व्याण्णव बाकी हायेत. मांडवातल्या सगळ्यांना बदलून देयाचे."