बाबांनी निवडलेला कर्नल

ताईच्या लग्नाची यादी आमच्या कंप्युटरने खाल्ली, असं भिवंडीतले आमचे नातेवाईक अजून सांगतात. साफ खोटं. यादी आत सुखरूप होती. फक्त आत जायचं दार मी स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं.

नव्वदीची अखेर होती. बाबांच्या पॉवरलूमच्या ऑफिसातला जुना कंप्युटर घरी आला होता आणि त्यावर मी लिनक्स चालवायचे, कारण ते फुकट होतं आणि वर्गातल्या पोरांना येत नव्हतं. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. त्याच्या नवनव्या आवृत्त्या यायच्या. कोणती घ्यायची, कोणती ठेवायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं. माझ्याकडे २.०.३० होती, साधी आणि भरवशाची. मैत्रिणीच्या सीडीवरून उतरवलेली २.१.५१ही होती. मधला आकडा विषम म्हणजे अजून प्रयोग चालू आहेत, लावाल तर तुमचं तुम्ही बघा.

पत्रिकांच्या पाकिटांवर छापायची नावं बाबा शेजारी बसून सांगत होते. दिघाशीच्या काकाचं नाव त्यांनी मला पुसायला लावलं. बैलगाडीच्या शर्यतीत कुणाचा बैल आधी पोचला, यावरून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. ताईने सांगितलं, काका आला नाही तर मी बोहल्यावर चढणार नाही. बाबा म्हणाले, “मग नको चढू.” ती आत जाऊन रडली. मला बाबांचा भयंकर राग आला, पण नाव मी पुसलं.

तेवढ्यात त्यांना पडद्यावरचा आकडा दिसला.

“दोन, शून्य, तीस? शुभकार्यात शून्य? आहेराला कोन पन्नास देतं गो? एक्कावन्न देतात. दुसरा न्हाय काय तुझ्याकडं?”

दुर्दैवाने होता. “दोन, एक, एक्कावन्न” ऐकून बाबांचा चेहरा उजळला.

“ह्योच लाव. शून्याचा घरात ठेवू पन नको.”

नवा चालून बघेपर्यंत जुना काढायचा नाही, हा नियम मला पाठ होता. पण डिस्क भरली होती, आणि खरं सांगायचं तर नव्याची हौस मलाच जास्त होती. मी जुना पुसला. नवा तयार व्हायला अख्खी दुपार गेली. मशीन सुरू केलं, चार ओळी आल्या आणि ‘कर्नल पॅनिक’ म्हणत ते तिथेच ठप्प झालं.

“काय बोलतंय?”

“घाबरलोय म्हणतो.”

“लग्नघरात घाबरायला काय झालं त्याला?”

सीडी घेऊन मैत्रीण गावाला गेली होती. अडीनडीची फ्लॉपी करून ठेवायचा मी कंटाळा केला होता. पत्रिका तर दुसऱ्या दिवशी निघायच्या होत्या. मग ताईनेच आठवतील तशी नावं पाकिटांवर हाताने लिहिली आणि बाबांनी न वाचता गठ्ठे पडघ्यापासून अंजूरपर्यंत धाडून दिले.

लग्नाच्या दिवशी काका मांडवात आला, नवा सदरा घालून, पाकीट हातात घेऊन. बाबा माझ्याकडे वळले.

“त्याचं नाव पुसलंस ना?”

“पुसलं होतं. पण यादी उघडलीच कुठे, बाबा?”

काका अक्षतांच्या ताटाजवळ अवघडून उभा होता, गुरुजी घाई करत होते. बाबांनी ताट उचललं आणि त्याच्या हातात कोंबलं.

“आता आलास? वाट सगल्यांना.”

अंतरपाटामागे ताई मोठ्याने हसत होती. काकाने पहिली मूठ बाबांच्याच हातावर ठेवली.