हेडसरांच्या खोलीतली शुद्ध हवा

शाळेच्या शुद्ध हवा समितीत अकरा माणसं होती आणि धड अक्कल एकालाही नव्हती, असं शिपाईमावशींचं पहिल्या दिवसापासूनचं मत. बैठकीत पाण्याचे ग्लास त्याच मांडायच्या, त्यामुळे सगळं कानावर पडायचं. बावीस वर्षं घंटा वाजवलेल्या या बाईला कोण काम करतं आणि कोण नुसतं मिरवतं, हे चालीवरून कळायचं.

राग उगाच नव्हता. मावशींची नात पहिलीत होती, तिचा वर्ग फाटकाला लागून. शाळा सुटायच्या आधी अर्धा तास सात बस खिडकीखाली इंजिन चालू ठेवून उभ्या असत. पोरगी दम्यानं कासावीस व्हायची. डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं होतं, "हा धूर थांबवा, नाहीतर पोरीची शाळा सोडवा." आसपास दुसरी शाळा होती कुठं?

समितीनं हवा मोजायचं यंत्र आणलं. फीत कापली, फोटो काढले. आणि बाहेर ठेवलं तर चोरीला जाईल म्हणून या शहाण्यांनी ते ठेवलं कुठं, तर हेडसरांच्या एसी खोलीत! महिनाभर आकडा हिरवागार. त्याच खोलीतल्या बैठकीत अध्यक्षांनी जाहीर केलं, "आपली हवा उत्तम आहे. बस हलवायची काही गरज नाही."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी ग्लास खाली ठेवले, टेबलावरचं यंत्र उचललं आणि तडक पहिलीच्या खिडकीत नेऊन ठेवलं. समिती मागोमाग धावली. खाली साती बस घरघरत होत्या. आकडा बघता बघता लाल झाला.

"बिघडवलंत ना! नाजूक वस्तू आहे ती," नाकाला रुमाल लावून अध्यक्ष करवादले.

"यंत्र बिघडलंय ना? मग नाकाला रुमाल कशाला?"

नात बाकावर वाकून श्वास ओढत होती. मावशींनी तिच्या तोंडाला पंप लावला. समोरच्या बसच्या ड्रायव्हरला खिडकीतून ते दिसलं. त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग मागच्यानं, मग त्याच्या मागच्यानं. सातवं इंजिन बंद झालं, तेव्हा पोरीच्या छातीतली शिट्टी वर्गभर ऐकू येऊ लागली. इतके दिवस ती फक्त मावशींनाच ऐकू येत होती.