साधना थायलंडला जाते

माझी धाकटी जाऊ साधना गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंतसुद्धा कधी चढली नव्हती. टाकी भरून वाहायला लागली की ती खालून ओरडायची आणि मी गुडघे धरत वर जायचे. ही बाई थायलंडला जाऊन, कमरेला पट्टे बांधून, या डोंगरावरून त्या डोंगरावर तारेला लटकत जाणार असं कोणी मला सांगितलं असतं, तर मी त्याला आधी चहा पाजला असता आणि मग डॉक्टरकडे धाडला असता.

आम्ही माण गावचे. शेती होती तोवर शेती केली, आता कंपन्यांतल्या पोरापोरींना खोल्या भाड्याने देतो. साधना धरणाकाठच्या माले गावची. विसाव्या वर्षी लग्न होऊन आमच्या घरात आली. माझा दीर कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. साधना तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत राहायची आणि भाडेकरूंचे डबे करायची.

तिला घरात कोणी बोल लावत नव्हतं. पण माझ्या मुलाने, निरंजनने, जुनं घर पाडून नवी इमारत उठवायचं काढलं. नकाशा त्याने जेवणाच्या टेबलावर पसरला तेव्हा साधना हात पुसत आली आणि वाकून बघत राहिली. प्रत्येक खोलीला नंबर होता. आपली कुठली, हे तिने विचारलं नाही आणि निरंजननेही सांगितलं नाही. मागाहून मी विचारलं तर म्हणाला, "काकीचं बघू की नंतर." हे 'बघू' मी जन्मभर ऐकत आलेय. ते कधी कोणी बघत नाही.

साधनाच्या मनात मात्र मालेची जागा होती. धरणाच्या पाण्याकडे उतरत जाणारा एक तुकडा, वरच्या अंगाला फणस. मरायच्या आधी तिचा बाप चारचौघांत म्हणाला होता, हा तुकडा माझ्या साधीचा. म्हणाला तेवढंच, कागद काही नाही. तिथे दोन खोल्या बांधायच्या आणि एखादी शेळी पाळायची, असं तिने ठरवून ठेवलं होतं. दार कुठल्या बाजूला काढायचं तेसुद्धा ठरलं होतं. फक्त भावाकडे मागायचं नव्हतं. आमच्याकडे बहिणीने हिस्सा मागितला की माहेर तुटतं, आणि हक्कसोडीवर सही केली की दर दिवाळीला साडी येते. मी माझी सही केव्हाच करून दिली. साड्या बऱ्या असतात.

तर त्या भाऊबीजेला तिचा भाऊ वाल्मीक बायकोला घेऊन आमच्याकडे आला. प्लॉटिंगच्या धंद्यात पडल्यापासून तो पांढऱ्या कपड्यांशिवाय दिसत नाही. पाटावर बसल्या बसल्या त्याने जाहीर केलं, "आक्का, जानेवारीत आमी थायलंडला चाललोय. तुलाबी नेतो." आणि मोबाइलवर तिथली ती झिपलाइन दाखवली. जंगलाच्या डोक्यावरून माणसं किंचाळत चालली होती. साधना ओवाळता ओवाळता थांबली. "मी न्हाई बाई असल्या तारेवर जायची," ती म्हणाली.

वाल्मीकने ताटात ओवाळणी टाकली आणि हसत म्हणाला, "तू त्या तारंवरनं पार गेलीस ना आक्का, तर फणसाखालची जागा तुझ्या नावावर. शब्द दिला."

सगळे खो खो हसले. त्याची बायको तर पदर तोंडात कोंबून हसली. साधना तेवढी हसली नाही.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "अगं, थट्टा करतोय तो."

"ओवाळताना कोण थट्टा करतंय, जाऊबाई?" ती म्हणाली. "निरांजनापुढं बोललाय त्यो."

वाल्मीकला ऐन दिवाळीत बहिणीचा पुळका का आला, हा प्रश्न मला पडला होता. गेली कित्येक वर्षं तो भाऊबीजेला पाच मिनिटं टेकायचा. पण तिच्या तोंडावर इतक्या दिवसांनी उजेड आला होता, आणि मी दर वेळी तोंड उघडलं की तो विझतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून गप्प बसले.

दुसऱ्या दिवसापासून बाईसाहेबांची तयारी सुरू. आधी टाकीची लोखंडी शिडी. पहिल्या दिवशी ती दुसऱ्या पायरीवर घट्ट डोळे मिटून उभी राहिली आणि उतरली. मी म्हटलं, "अशीच मिटून जा, देवच दिसेल." डबे गेले की ती रोज वर जायची. भाडेकरूंचे कपडे वाळत असायचे, त्यांच्या आडून तिचा पदर दिसायचा. होता होता दिवाळीचे कंदील उतरले तोवर ती टाकीवर बसायला लागली. पाय खाली सोडून, ओठ पांढरेफटक.

मग आली पँट. तिथे साडी चालत नाही, असं आमच्या भाडेकरू मुलीने, जुईलीने, नेटवर बघून सांगितलं. जुईली जळगावची, कंपनीत नोकरीला, साधनाच्या हातच्या भाजीवर जीव टाकणारी. तिने आपली ढगळ ट्रॅकपँट आणून दिली. साधनाने दार लावून ती घातली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. दार ढकललं तर कॉटवर बसलेली, मांडीवर उशी घेऊन. "उघडं उघडं वाटतंय," म्हणाली. नवरा गेल्यावर फिक्या रंगाच्या साड्यांखेरीज जिने काही अंगाला लावलं नाही, ती बाई महिनाभर घरात पँट घालून पोळ्या लाटत होती. सवय व्हावी म्हणून. निरंजनचे मित्र आले की धावत खोलीत जायची.

मागच्या जांभळीला नागपंचमीचा झोका बांधायचो, तसा आम्ही हिवाळ्यात बांधला. झोक्यावर उभं न राहता, दोर धरून पाय उचलून लोंबकळायचं, ही तिची स्वतःची कल्पना. हाताला फोड आले. तालुक्याच्या गावी, पौडला, डॉक्टरने ब्लडप्रेशर वाढलंय म्हणून सांगितलं, तर मला शपथ घातली की वाल्मीकला कळू द्यायचं नाही. मला तिचा राग यायचा. इतका जीव तिने त्या जागेसाठी एकदा तोंड उघडण्यात घातला असता तर! पण ते तिच्याने होणार नव्हतं. तारेवर लटकणं तिला मागण्यापेक्षा सोपं वाटत होतं.

जानेवारीत ती गेली. पिशवीत लसणाची चटणी आणि मेथीचे लाडू. ज्या दिवशी झिपलाइन होती त्या दिवशी तिने पहाटे हॉटेलवरून फोन केला. रात्रभर डोळा लागला नव्हता म्हणे. काही न खाल्लेलं बरं की खाल्लेलं, हे विचारायला फोन. मी म्हटलं, अर्धा लाडू खा. मग दुपारी जुईलीच्या मोबाइलवर वाल्मीकने व्हिडिओ कॉल लावला आणि आम्ही दोघी पुढे सरसावून बसलो.

झाडावर बांधलेला लाकडी माच. डोक्यावर पिवळं हेल्मेट, मांड्यांना पट्टे, आणि त्यात आमची साधना, आठवडी बाजारात वाट चुकल्यासारखी. तिथली एक मुलगी तिचे पट्टे ओढून बघत होती. हातातल्या पाटल्या निघेनात, त्या आईच्या, कायमच्या घट्ट बसलेल्या. शेवटी त्यांच्यावर चिकटपट्टी गुंडाळली. वाल्मीक ओरडत होता, "आक्का, खाली बघू नको." तिने खाली पाहिलं नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जाऊ ना?"

"जा की."

ती गेली. तोंडातून आवाज नाही. हिरव्या झाडीवर एक पिवळा ठिपका लहान होत गेला. जुईलीने टाळ्या पिटल्या आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी नाकारत नाही.

तिच्या मागून वाल्मीक जाणार होता. त्याने कठड्याशी जाऊन खाली डोकावलं आणि माघारी फिरला. पोटात कसंतरी होतंय म्हणाला, आणि त्याच्या बायकोनेही त्याचीच री ओढली. दोघं जिन्याने खाली उतरली. पलीकडे पोचलेल्या साधनाला परत यायची वाट नव्हती. पुढच्या सगळ्या तारा तिने परक्या माणसांबरोबर एकटीने पार केल्या. शेवटच्या माचावर वाल्मीक फुलांचा हार घेऊन उभा असेल असं तिला वाटलं होतं, हे तिने नंतर मला सांगितलं. तो जेवायला बसला होता.

परत आल्यावर वाल्मीकने बायकोने काढलेला तिचा व्हिडिओ गावभर फिरवला. 'माझी वाघीण बहीण'. साधना वाट बघत राहिली. मी रोज टोचायचे, "विचार त्याला." तिचं एकच, "आपण आठवण करून द्यायची म्हंजे त्यानं शब्द मोडला म्हणायचं व्हय? देईल त्यो." इकडे निरंजनने भाडेकरूंना खोल्या रिकाम्या करायला सांगितलं होतं.

गुढीपाडव्याच्या आधी वाल्मीकचा फोन आला. "आक्का, उद्या पौडला यायचंय. आधार कार्ड घिऊन ये." तिने फोन ठेवला आणि माझे दोन्ही हात धरले. सकाळी तिने मोतिया रंगाची चांगली साडी नेसली आणि देवापुढे साखर ठेवली. मी बरोबर गेले. खरं सांगते, गाडीत बसेपर्यंत मलाही वाटायला लागलं होतं की आपण उगाच त्या माणसावर संशय घेतला.

रजिस्ट्रार कचेरीच्या पायरीवर वाल्मीकने तिला बाजूला घेतलं. मी काही बहिरी नाही. "हक्कसोड हाय आक्का. तुझ्या नावाची अडचण व्हती सात-बाऱ्यावर. तेवढी काढून टाकू."

"आन् फणसाखालची जागा?" साधनाने आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"कसली जागा?" त्याने विचारलं. त्याला खरोखरच आठवत नव्हतं, आणि याचाच मला जास्त संताप आला. मग आठवलं. "आगं, ते तू मनावर घेतलंस व्हय? हसण्यावारी बोललो मी. आन् येवढं थायलंड दावलं की तुला. कुणाच्या भावानं दावलंय?"

मी म्हटलं, "साधना, चल घरी." ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. आत फोटो काढला, अंगठा घेतला. साहेबांनी विचारलं, "बाई, समजून-उमजून देताय ना? कोणाचा दबाव?"

"न्हाई," साधना म्हणाली. "भाऊ हाय माझा."

बाहेर आल्यावर तिने एवढंच म्हटलं, की आलोच आहोत तर मालेला जाऊन जागा एकदा बघून येऊ. वाल्मीकने गाडीची किल्ली बोटावर फिरवली. "तितं आता जाता यायचं न्हाई. घेणाऱ्या पार्टीनं कुंपण घातलंय, गेटला कुलूप हाय. आपण थायलंडात व्हतो तवाच घातलं." साधनाने मान हलवली आणि गाडीत बसली. घरी येईपर्यंत मी वाल्मीकला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याने गाण्याचा आवाज वाढवला.

चार दिवसांनी जुईली खोली सोडून निघाली. डब्याची भांडी परत द्यायला आली तेव्हा साधना आपली ट्रंक आवरत होती. जुईलीला जाता जाता तो व्हिडिओ पुन्हा बघायचा होता. दोघींनी कॉटवर बसून बघितला. जिन्यात निरंजन टेप लावून भिंत मोजत होता.

"काकू, खरंच भीती नाही वाटली?"

"लई वाटली," साधना म्हणाली. "पर वाल्मीक म्हणला व्हता."

जुईलीने तिच्या खांद्याला खांदा घासला. "भाऊ असावा तर असा. मला तुमचीच काळजी होती, हे घर पाडल्यावर कुठे जाल म्हणून. पण आता भावाकडेच जाणार असाल ना?"

साधनाने मोबाइल तिच्या हातात परत दिला. "व्हय," ती म्हणाली, आणि ट्रॅकपँट नीट घडी करून तिच्या पिशवीत ठेवली.